पंचवीस अंशांचा माणूस

माझा नवरा राजाराम हा पंचवीस अंशांचा माणूस आहे. ना गार, ना गरम. आमची मुलगी देविका बारावीला शाळेत पहिली आली तेव्हा हा "बरं झालं" म्हणाला, आणि स्कूटर चोरीला गेली तेव्हाही जवळजवळ त्याच आवाजात "बरं" म्हणाला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. मी त्याला नावानंच हाक मारते. सासूबाईंना ते अजिबात आवडायचं नाही, पण त्या तिकडं आजऱ्याला आणि आम्ही इकडं लखनौला, त्यामुळे त्या भांडणाला कधी रंगच चढला नाही.

निवृत्त होईपर्यंत तो इथल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होता. शास्त्रज्ञ नव्हे, हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो. शास्त्रज्ञ जे जंतू वाढवायचे आणि जी औषधं जपून ठेवायचे, त्यांची कपाटं आणि थंड खोल्या ठरल्या तापमानाला ठेवणं हे त्याचं काम. सदतीस म्हणजे सदतीस, चार म्हणजे चार. अठ्ठावीस वर्षं त्यानं हे एकच केलं, आणि कुणी म्हणेल त्यात काय मोठं, तर त्यानं लखनौच्या जून महिन्यात वीज गेल्यावर एकदा करून बघावं.

तिथली एक वही असायची. दिवसातून तीनदा आकडा लिहायचा, शाईनं. चुकला तर खोडायचा नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर खरा आकडा, शेजारी लिहिणाऱ्याची सही, आणि महिना संपला की खाली तपासणाऱ्याची सही. जयसिंग म्हणून त्याचा एक सहकारी होता, दोघांची चांगली मैत्री. त्या जयसिंगनं एकदा शनिवार-रविवारचे आकडे शुक्रवारीच लिहून टाकले आणि गावाला गेला. नुकसान काही झालं नाही, राजारामनं तक्रारही केली नाही. फक्त पुढची दोन वर्षं त्याच्याबरोबर चहा घेतला नाही. खोटा आकडा म्हणजे त्याच्या लेखी चोरीपेक्षा वाईट. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी जे केलं ते केलं. ते पुढं येईलच.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मासा बघत बसत नाहीत, खातात. मासा ताजा की शिळा हे मी झाकल्या डोळ्यांनी सांगेन. कल्ला उचलायचा, लाल असला तर घ्यायचा. पण जिवंत मासा दिवसभर काय करतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं पाच वर्षांपूर्वी. राजाराम पुतण्याच्या लग्नाला आजऱ्याला गेला आणि परत येताना दुधाची किटली घेऊन आला. मला वाटलं काकवी असेल. झाकण उघडलं तर आत ओला पाला आणि त्यात वळवळणारे सहा मासे. मरळीच्या जातीतले, पण वितीएवढेच. त्यांच्याकडे त्याला डोक म्हणतात. परांना नारिंगी काठ, अंगावर निळसर झाक आणि तोंड हे एवढं मोठं. लहानपणी गावच्या ओढ्यात हा ते हातानं धरायचा म्हणे. हवेतून श्वास घेतात, म्हणून दोन दिवसांचा प्रवास, दोन गाड्या बदलून, किटलीत सुखरूप झाला. मी विचारलं, यांचं कालवण करायचं की तिखलं? तो म्हणाला, "हे राहणार आहेत."

राहिले. इंदिरा नगरातल्या आमच्या घरात उत्तरेकडची एक खोली आहे, कधी ऊन न येणारी. तिथं चार फुटांची काचेची टाकी आली. हे मासे शिकारी, तेव्हा त्यांना जिवंत खाणं हवं. मग बागेतली गांडुळं माझ्या फ्रिजमध्ये आली, आणि बाजारातून मी स्वतःसाठी आणलेली कोलंबी निम्मी टाकीत जायला लागली. शिवाय त्यांना लागतं गार पाणी. लखनौत मे-जूनमध्ये नळाचं पाणी हात पोळेल असं येतं. त्या खोलीला एसी बसला, आमच्या झोपायच्या खोलीच्या आधी, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. वीज गेली की टाकीभोवती ओला वाळा, पाण्यावर इन्व्हर्टरचा पंखा आणि पाण्यात गोठवलेल्या बाटल्या. माझ्या फ्रीझरमध्ये त्या बाटल्यांमुळे बर्फाच्या ट्रेलासुद्धा जागा नव्हती.

एवढं करून सहातले चार गेले. पहिल्याच जूनमध्ये वीज गेली ती अकरा तास, आम्ही दोघं बाहेर, तेव्हा दोन गेले. एकानं झाकणाच्या फटीतून उडी मारली आणि तो वॉशिंग मशीनच्या मागं सापडला. आणि एकाला त्यांच्यातल्याच सर्वांत मोठ्यानं मारलं. तो मोठा म्हणजे साहेब. हे नाव मी ठेवलं, कारण तो दिवसभर टाकीतल्या मडक्याच्या आत बसून राहायचा आणि जेवणाच्या वेळेला बाहेर यायचा. दुसरी उरली ती बाई. तो गावचा ओढा तोवर पाइपात घालून टाकला होता, तिथं आता डांबरी रस्ता आहे. म्हणजे राजारामच्या ओढ्यातले एवढे दोनच मासे जगात उरले होते, निदान त्याच्या हिशेबी. त्यांना पिल्लं व्हावीत म्हणून तो चार वर्षं वाट बघत होता. बोलत नव्हता, पण मला काय कळत नाही? रोज सकाळी दात घासायच्या आधी टाकीपाशी जायचा.

आणि हिवाळा आला की आमचं दोघांचंही एकमत असायचं, जे आमच्यात फार क्वचित होतं. लखनौची जानेवारी आम्हाला अजूनही सोसत नाही. आठ आठ दिवस ऊन नाही, कोहरा, म्हणजे धुकं, नुसता दारात उभा. आम्ही दोन स्वेटर घालून रजाईत बसणार, मग आजऱ्याच्या माशानं काय करावं? मला तर त्यांची दयाच यायची. आपल्याकडचे जीव, त्यांना काय ठाऊक इथली थंडी? राजारामनं हीटर बसवला, पंचवीसवर. उन्हाळ्यात एसी आणि बाटल्यांनी पंचवीस, हिवाळ्यात हीटरनं पंचवीस. संस्थेसारखीच वही घातली, तीन वेळा आकडा, शाईनं, खाली तपासणाऱ्याची चौकट. पाच वर्षांत आकडा हलला तो मोजक्या वेळाच. संस्थेतली कपाटं गेली होती, आता ही टाकी होती.

या जानेवारीत त्याच्या थोरल्या भावाचं, सतीशभाऊजींचं, हृदयाचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं. राजारामला जावंच लागलं. जाताना वही माझ्या हातात दिली. हीटर कसा, थर्मामीटर कुठून वाचायचा, गांडुळं किती, सगळं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. मला म्हणाला, तू आहेस म्हणून जातोय. बाई गं, असलं काही तो बोलत नाही कधी.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी, पाच तारखेला, वीज आली-गेली, आली-गेली आणि हीटरमधून टक् असा आवाज आला. संपलं. मी रिक्षा करून इथल्या कपूरथला बाजारात गेले. एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्या दुकानदारानं सांगितलं, भाभीजी, इतनी ठंड पड़ी है, सारे हीटर निकल गए, कोहरे में ट्रक ही नहीं आ रहा. आणि वर न विचारता ऐकवलं, की बिना हीटर के तो मछली गई समझो. जळ्ळं मेल्याचं तोंड.

पाणी उतरायला लागलं. तेवीस, एकोणीस, सोळा. तिसऱ्या दिवशी सकाळी चौदा. मी टाकीला राजारामची रजाई गुंडाळली. गरम पाण्याच्या पिशव्या बाहेरून लावल्या. एकदा तांब्याभर कढत पाणी हळूच ओतलं, तर साहेब असा काही उसळला की झाकणावर आपटला. मग ते बंद केलं. दोघंही तळाशी, टाकीत घातलेल्या बदामाच्या सुकलेल्या पानांत जाऊन पडले. खाणं बंद. रंग गेला, काठ दिसेनात. वेंगुर्ल्याच्या बाईला मेलेला मासा ताजा आहे का ते कळतं. पडून राहिलेला मासा जिवंत आहे का ते कसं ओळखायचं? मी काचेपाशी स्टूल टाकून बसायची. अर्ध्या-पाऊण तासानं साहेब सावकाश वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि परत खाली. तेवढा एक घोट बघितला की मी उठून माझा चहा प्यायची.

रोज संध्याकाळी राजारामचा फोन. तिकडं भाऊजी अतिदक्षता विभागात, एकदा छातीत पाणी झालं, एकदा ताप. हा बाकावर झोपत होता. आणि फोनवर सगळ्यात शेवटी विचारायचा, किती आहे? पहिल्या दिवशी माझ्या तोंडून "पंचवीस" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी काय सांगणार? मग रोज पंचवीस. संक्रांतीला मराठी मंडळात तिळगूळ वाटत होते आणि तिथूनच फोनवर सांगितलं, पंचवीस, हो, खातायत ना, का नाही खाणार. आणि तो परत आल्यावर वही बघणार, म्हणून वहीतही पंचवीस. सकाळ, दुपार, संध्याकाळ, शाईनं.

देविकाला मी नोएडाला फोन करून सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "मम्मी, बता दो ना पापा को. मछली ही तो है." तिचं काय जातंय? मी म्हटलं, तुझ्या बापाला मी तेहतीस वर्षं ओळखते, तू मध्ये पडू नकोस.

एक मात्र केलं. का केलं ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाच्या खुणा करते, त्याच चौकोनांत रोज सकाळचा खरा आकडा पेन्सिलीनं, बारीक, लिहून ठेवला. चौदा, साडेतेरा, चौदा. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर राहिले, आकडा कुठंच लिहिला नाही तर मला जेवण गोड लागलं नसतं.

असे एकोणीस दिवस गेले. चोवीस तारखेला दुकानात हीटर आला, मी पहिला उचलला. पंचवीस तारखेला राजाराम आला, तोवर पाणी बऱ्यापैकी वर आलं होतं आणि साहेबानं एक गांडूळ ओढलंही होतं. भाऊजी बरे होते. राजारामनं बूटही न काढता टाकी बघितली, मग वही चाळली. आणि मान वर करून म्हणाला, "छान ठेवलंस, नयना." सांगा आता, कुठल्या तोंडानं सांगायचं मी? त्या एका वाक्यासाठी मी तीस वर्षं थांबले होते आणि ते मला मिळालं ते खोट्यावर.

फेब्रुवारीत माशांना रंग चढला. असा रंग आम्ही पाच वर्षांत पाहिला नव्हता. काठ पेटल्यासारखे नारिंगी. बाई साहेबाच्या मडक्यात जाऊन राहायला लागली. मला जरा हायसं वाटलं, म्हटलं चला, निभावलं. आणि मार्चच्या मध्यावर साहेबानं खाणं सोडलं. गांडूळ नाही, कोलंबी नाही, नाकासमोर किडा सोडला तर तोंड फिरवायचा. जबडा खाली सुजल्यासारखा फुगलेला. पाच दिवस, सहा दिवस. राजाराम टाकीसमोर बसून राहायचा, ताटातली पोळी तशीच. सातव्या दिवशी तो दूधवाल्यावर ओरडला. तेहतीस वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला तो त्याच दिवशी. ही माझीच करणी, थंडीनं आतून काहीतरी बिघडलं होतं ते आता वर आलं, असंच मी धरून चालले.

आमच्या वरच्या मजल्यावर फेब्रुवारीत कौमुदी राहायला आली होती. रत्नागिरीची पोर, इथल्या एका मत्स्यसंशोधन संस्थेत नव्यानं लागलेली. राजाराम कुणाला सहसा काही विचारत नाही, पण नवव्या दिवशी, शनिवारी, जिना चढून गेला. ती खाली आली, बॅटरी लावून मडक्यात डोकावली. साहेब आत, अर्धाच दिसत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती म्हणाली, या जातीत नर अंडी तोंडात धरतो, पिल्लं मोठी होईपर्यंत काही खात नाही. तसं असू शकतं. पण हे मासे थंडी लागल्याशिवाय अंड्यांवर येत नाहीत. हिवाळ्यात पाणी किती होतं? राजारामनं अभिमानानं वही पुढं केली. तिनं जानेवारीचं पान बघितलं, पंचवीस, पंचवीस, पंचवीस, आणि नाही म्हणाली.

"काका, थंडी मिळाली असती तर मी हात लावू नका म्हणाले असते. पण या आकड्यांवरून ही सूजच वाटते. उद्या सकाळी बाहेर काढून तोंड उघडून बघू, नाहीतर जाईल तो."

ती गेली. राजारामनं जाळी धुवायला काढली, पसरट पातेलं काढलं, माशाचं तोंड उघडायला पट्टी उकळली. मी पोळ्या लाटत उभी होते आणि सगळं समोर दिसत होतं. सांगितलं नाही आणि तोंडात पिल्लं असली, तर उद्या माझ्या खोट्या आकड्यांवर विसंबून तो स्वतःच्या हातानं ती सांडणार. चार वर्षं ज्यांची वाट बघितली ती. आणि सांगितलं, तर मी जयसिंग. फरक एवढाच की जयसिंगला राजाराम दोन वर्षं कॅन्टीनमध्ये टाळू शकला, मला कुठं टाळणार? सांगायला तोंड उघडलं दोनदा, आणि दोनदा मीठ हवं का एवढंच विचारलं. भित्री म्हणा हवं तर.

रविवारी सकाळी कौमुदी आली. राजारामनं बाह्या दुमडल्या, झाकण काढलं, जाळी पाण्यात घातली. साहेब मडक्याच्या तळाशी सरकला. बाई जाळीवर धावून आली, आणि तिनं जाळीला टक्कर दिली ती बघून माझ्यानं राहवेना.

"राजाराम, थांब. पंचवीस नव्हतं."

तो वळला. जाळी तशीच पाण्यात. मी एका दमात सगळं सांगितलं, हीटर, कोहरा, रजाई, फोन, वही. रडले बिडले नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, किती होतं. मी म्हटलं, कॅलेंडर बघ, दुधाच्या चौकोनात. तो स्वयंपाकघरात गेला. आतून त्याचा आवाज आला, एकेक आकडा वाचत होता, संस्थेत वाचायचा तसा. सोळा. चौदा. साडेतेरा. चौदा. तेरा. एकोणीस दिवस वाचले त्यानं.

कौमुदी त्या टाकीसमोर खाली फरशीवरच बसली. "काका," ती म्हणाली, "जाळी बाहेर काढा आणि झाकण लावा. त्याच्या तोंडात पिल्लं आहेत."

राजारामनं झाकण लावलं. जाळी पुसून खुंटीला अडकवली. त्या दिवशी दुपारी जेवताना मला वरण वाढ एवढंच म्हणाला. पुढचे अकरा दिवस घरात आम्ही दोघं चवड्यांवर चालत होतो. तो दिवसातून तीनदा आकडा लिहीत होता, मी खोलीच्या दाराला पडदा लावला, मिक्सरसुद्धा अंगणात नेऊन फिरवत होते. साहेब वाळत चालला. कौमुदी रोज जिन्यावरून विचारायची, पिल्लं सोडली का, आणि आम्ही दोघं एकदमच नाही म्हणायचो. मनातून मी धसकले होते. समजा सूजच असली तर? मग खोटं तर खोटं, आणि खरंही उशिरा बोललेलं, दोन्हीकडून मीच गुन्हेगार. चहा मात्र तो माझ्याबरोबर घेत होता, दोन्ही वेळचा. मी रोज बघून घ्यायची, कप उचलतोय ना.

बाराव्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. राजारामनं हाक मारली. नुसतं "नयना," पण असं की मी हातातला ओला टॉवेल घेऊनच पळाले. साहेब मडक्याबाहेर, टाकीच्या मधोमध स्थिर. त्यानं जबडा सैल केला आणि आतून एक सुटलं. मग दोन. मग भसकन वीसेक. गव्हाच्या दाण्याएवढी, काळपट, पाठीवर पिवळी रेघ. बाई बाजूला येऊन उभी. मी टाकीला नाक लावून मोजायला गेले आणि चाळीसनंतर सोडून दिलं. राजारामकडे बघितलं, तर त्याचा चष्मा त्याच्या हातात होता आणि तो डोळे पुसत होता, उघड उघड, बाहीनं. मी स्टुलावर टेकले. अकरा दिवस खांद्यांवर काहीतरी घेऊन फिरत होते, ते उतरलं आणि मला एकदम भूक लागली. त्या दिवशी मी पाव किलो कोलंबी एकटीनं खाल्ली, निम्मी नाही, सगळी.

संध्याकाळी त्यानं वही टेबलावर उघडली, जानेवारीचं पान. शेजारी खिळ्यावरून उतरवलेलं कॅलेंडर. मला पेन दिलं आणि म्हणाला, रेघ मार. मी म्हटलं, अरे सत्तावन्न आकडे आहेत. म्हणाला, हो. मग मी बसले. एकेका पंचवीसवर एक आडवी रेघ आणि शेजारी सही, एकेका पंचवीसवर रेघ आणि सही. सकाळच्या रकान्यात तो कॅलेंडर वाचून दाखवी आणि मी वर खरा आकडा लिही. दुपार-संध्याकाळ बघितलं नव्हतं, ते रकाने रिकामे ठेवायला लावले. लग्नाच्या रजिस्टरातसुद्धा एवढ्या सह्या केल्या नव्हत्या मी. मी कुरकुरत होते, तो ऐकत होता, आणि मला तेव्हाच कळलं की हा मला जयसिंग करणार नाही. जयसिंगला त्यानं रेघ मारायला कधी बसवलंच नव्हतं.

माझं झाल्यावर त्यानं वही आपल्याकडे ओढली आणि मागची पानं काढली. आधीच्या चार वर्षांचे जानेवारी. त्याचं देखणं अक्षर, पंचवीस, पंचवीस, पंचवीस, एकही खोटा नाही. प्रत्येक पानाखाली त्यानं लिहिलं, आकडे बरोबर, पद्धत चूक, आणि सही केली. चारही पानांवर. मी म्हटलं, राहू दे रे, तुला काय माहीत होतं. तो म्हणाला, "तपासायला हवं होतं. मी फक्त टिकवत बसलो."

मग तो या वर्षीच्या पानाकडे परत आला, माझ्या रेघांच्या आणि सह्यांच्या गचाळ पानाकडे. खाली तपासणाऱ्याच्या सहीची छोटी चौकट होती, त्यात त्यानं सही केली. तेहतीस वर्षांत त्याची सही चौकटीबाहेर गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. शाई वाळेपर्यंत मी ती वही तशीच उघडी राहू दिली.